काच आधी

ते कार्ड मी मोठ्यानं वाचायला नको होतं, हे वाचून झाल्यावर कळलं. नोव्हेंबरातली संध्याकाळ, साडेचारलाच बाहेर काळोख, पाऊस खिडकीवर आडवा मारतोय आणि मी शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात त्यांच्या मुलाचा जुना लॅपटॉप उघडून बसलेली. काकू म्हणजे काही माझ्या काकू नव्हेत. इथे इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात ऐंशी वर्षांच्या बाईलाही सरळ नावानं हाक मारतात. आठ वर्षं झाली मला या गावात, पण माझी जीभ अजून वळत नाही. समोर भेटल्या की नुसत्या 'हॅलो'वर भागवते आणि मनात 'काकू' म्हणते. तर काकूंना त्यांच्या आजीचं कार्ड हवं होतं. आजी पहिल्या महायुद्धात नर्स होती, हे मला त्यांच्याकडे पहिल्यांदा चहाला गेले त्या दिवसापासून ठाऊक. रेडक्रॉसनं त्या काळातल्या स्वयंसेवकांची कार्डं महायुद्धाच्या शताब्दीच्या निमित्तानं इंटरनेटवर टाकली, नव्वद हजारांवर माणसांची नोंद त्यात आहे, असं कुणीतरी त्यांना चर्चमध्ये सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या माझ्या दारात. "तुझी बोटं भराभर चालतात," म्हणाल्या.

आडनाव टाकलं, परगणा टाकला, आणि चौथ्या-पाचव्या नावाला पडद्यावर ते पिवळट कार्ड आलं. तिरकं, घाईत लिहिलेलं अक्षर, कोपऱ्यात गंजलेल्या टाचणीचा डाग. मी हरखून वाचत सुटले. नाव. पत्ता, म्हणजे आम्ही बसलो होतो तेच घर. हुद्दा, मेंबर. रुजू, नोव्हेंबर १९१५. मुक्त, जानेवारी १९१९. पगार काही नाही. अर्धवेळ, एकूण तास १,५६४. त्याखाली कामाचं स्वरूप असा रकाना होता. डोळ्यांनी तो वाचला आणि तोंडानं बोलून टाकला, मध्ये विचार करायला क्षणभरही सापडला नाही. पॅन्ट्री. आणि पुढे त्याच अक्षरात, वॉशिंग अप.

भांडी घासणे.

"दुसरी कुणी असेल," काकू म्हणाल्या. मी म्हटलं, "पत्ता हाच आहे." हेही म्हणायला नको होतं. काकूंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, पण पडद्याकडे पाहिलं नाही. मग बिस्किटांच्या डब्याचं झाकण दाबून दाबून लावलं. काय करावं सुचेना, म्हणून मी उठले आणि सिंककडे जाऊन खरकटं उचलायला लागले. पाठीमागून, मान न वळवता, त्या म्हणाल्या, "काच आधी."

यातलं 'काच आधी' हे आमच्यातलं जुनं प्रकरण आहे. पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेले होते तेव्हा मदत म्हणून भांडी घासायला लागले. आपल्या सवयीनं नळ मोकळा सोडला आणि सगळ्यांत तेलकट तो भाजणीचा ट्रे आधी हातात घेतला, म्हणजे अवघड ते एकदाचं संपतं. काकू टुणकन उठल्या. नळ बंद केला. सिंकमध्ये प्लास्टिकचं टोपलं ठेवून त्यात कढत पाणी भरलं. आधी काच, मग काटे-चमचे, मग कप, मग ताटल्या, तेलकट ते शेवटी. सगळं त्याच एका टोपल्यातल्या पाण्यात. वरून स्वच्छ पाणी ओतायचं नाही, फेसासकट निथळत ठेवायचं आणि फडक्यानं पुसायचं. हे पाहून माझ्या पोटात कालवलं होतं हे कबूल करते. माझ्या आईनं ही भांडी परत घासायला टाकली असती. पण एकाच पाण्यात सगळं उरकायचं असेल तर क्रम तोच लागतो, हेही तेव्हाच कळलं. आजही त्यांच्याकडे मी तसंच घासते. घरी आल्यावर नळ सोडते.

त्या रात्री मात्र घरी येऊन मी काहीच घासलं नाही. चुटपुट लागून राहिली होती.

काकूंच्या ड्रेसरवर, म्हणजे थाळ्या मांडायच्या फडताळावर, निळ्या नक्षीच्या मोठ्या थाळ्यांच्या मधोमध, आजीचा फोटो आहे. एकोणीस वर्षांची मुलगी, डोक्याला पांढरा रुमाल घट्ट बांधलेला, ताठ कॉलर, मनगटावर खळीचे कफ, आणि एप्रनवर छातीशी क्रॉस. लाल क्रॉस, पण फोटोत तो काळा दिसतो. या फोटोभोवती जे काही सांगितलं जायचं ते मी निदान पाच वेळा ऐकलंय. एक कॅनडाचा पोरगा तिचा हात धरून गेला. एकाला दिसत नव्हतं, त्याला ती रोज आईची पत्रं वाचून दाखवायची. रात्रपाळीला ती कंदील घेऊन दोन खाटांच्या मधून चालायची. कंदील आला की मला जरा शंका यायची, कारण कंदील घेऊन चालणारी बाई या देशानं एकदा पाहिली आणि नंतर प्रत्येक घरानं आपल्या आजीच्या हातात तो दिला. शिवाय ड्रेसरच्या खणात चॉकलेटच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात एक सोनेरी पदक होतं, पांढऱ्याशुभ्र रिबिनीचं. शौर्यपदक, असं घरात म्हणायचे.

खरं तर कार्ड उघडण्याआधीच मला थोडं कळायला हवं होतं. मी गावच्या दवाखान्यात औषधं देते. इंग्लंडच्या खेड्यांत जवळपास केमिस्टचं दुकान नसलं तर डॉक्टरच्या दवाखान्यातूनच औषध देतात, तिथल्या खिडकीमागे मी असते. त्यामुळे कुठल्या पेशंटला कुठे पाठवतात याचा अंदाज आहे. इथलं तेव्हाचं हॉस्पिटल म्हणजे टेकडीवरचं ते मोठं घर, ज्यात आता फ्लॅट झालेत आणि दारात इलेक्ट्रिक गाड्या चार्ज होत असतात. १९०९ साली सरकारनं गावोगाव स्वयंसेवकांची पथकं उभी करायची योजना काढली होती. १९१४ ला युद्ध पेटल्यावर अशी घरं, टाउन हॉल, शाळा पटापट हॉस्पिटलं झाली, देशभरात तीन हजारांच्या वर. पण अगदी जिवावर बेतलेले जखमी शहरांतल्या मोठ्या लष्करी इस्पितळांत असत. खेड्यात येत ते सावरत असलेले. न्यूटन अ‍ॅबटहून मोर्टनहॅम्पस्टेडला रेल्वेचा एक फाटा यायचा, त्याच्या प्रवासी गाड्या १९५९ साली बंद झाल्या. त्या फाट्यावरच्या एखाद्या छोट्या स्टेशनात ही पोरं उतरत असणार, कुबड्या सावरत. त्यांना निळ्या फ्लॅनेलचा सूट, पांढरा सदरा आणि लाल टाय घालावा लागे. हा पोशाख असा की कुठूनही ओळखू यावा, आणि निळ्या कपड्यातल्या माणसाला दारू द्यायला गुत्तेवाल्यांना मनाई. म्हणजे मरणाच्या दारातली नव्हे, कंटाळ्याच्या दारातली माणसं. पत्ते खेळायचे, बागेत विड्या ओढायचे आणि पाय बरा झाला की परत खंदकात जावं लागणार म्हणून तो फार लवकर बरा होऊ नये अशी मनात प्रार्थना करायचे.

घरी पाठवण्याइतपत लागलेल्या जखमेला हे सैनिक 'ब्लायटी' म्हणत. ब्लायटी म्हणजे मायदेश. हा शब्द आपल्याकडचा आहे, हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. हिंदुस्थानात राहिलेल्या गोऱ्या पलटणींनी 'विलायती' उचलला आणि त्याचं असं केलं. आपण ज्याला विलायत म्हणून परकं केलं तोच शब्द त्यांना घराची हाक म्हणून पुरला. काकूंना हे सांगितलं होतं तेव्हा त्या दिवसभर घोळवत होत्या, विलाय्टी, विलाय्टी.

या गावानं तेव्हा बरंच केलं. मुलं घरोघर जाऊन जखमींसाठी अंडी गोळा करायची. देशभर तशी मोहीमच होती, आणि पोरं अंड्याच्या कवचावर पेन्सिलीनं आपलं नाव-गाव लिहून पाठवायची. डार्टमूरच्या दलदलीतून बायका शेवाळ उपटून आणायच्या. स्फॅग्नम म्हणतात त्याला. कापूस स्फोटकांसाठी लागत होता, मलमपट्टीला कमी पडायला लागला, तेव्हा कुणाला तरी हे जुनं औषध आठवलं. वाळवलं की आपल्या वजनाच्या वीसपट पाणी पितं, कापसापेक्षा कितीतरी जास्त. मी त्या रानात गेलेय. पाय ठेवला की स्पंजासारखं दबतं, बुटात बर्फाचं पाणी शिरतं आणि बोटं दोन मिनिटांत बधिर होतात. ते पिळायचं, वाळवायचं, त्यातल्या काड्या, गवत, किडे निवडायचे आणि मलमलीच्या पिशव्यांत शिवायचं. गहू निवडत बसलेल्या बायका डोळ्यांसमोर आणा, तसंच. या निवडणाऱ्यांचे फोटो कुठल्या ड्रेसरवर असतील असं वाटत नाही.

रहस्यकथा लिहिणाऱ्या अगाथा ख्रिस्तीचंही असंच कार्ड आहे. टॉर्कीच्या टाउन हॉलमधल्या हॉस्पिटलात ती ऑक्टोबर १९१४ पासून स्वयंसेवक होती आणि तिच्या कार्डावर ३,४०० तास आहेत. आधी बिनपगारी नर्स, नंतर वर्षाला सोळा पौंडांवर औषधं देणारी, माझ्यासारखी. विषांचं ज्ञान तिनं तिथल्या बाटल्यांवरून घेतलं. आमच्या दवाखान्यात हे मी सगळ्यांना सांगत असते. का सांगते? खिडकीमागे गोळ्या मोजणाऱ्या बाईला जरा वजन यावं म्हणून. म्हणजे मीही तेच करते, जे काकूंच्या घरानं फोटोच्या बाबतीत केलं.

आता आत्याबद्दल लिहावं लागणार. टाळत होते.

माझी थोरली आत्या दवाखान्यात होती. साताऱ्याच्या आमच्या घरात हे वाक्य असंच बोललं जायचं, अर्धवट, आणि पुढचं ज्यानं त्यानं भरून घ्यायचं. आईनं शेजारी सांगताना 'नर्स' भरलं, आजीनं भावकीत सांगताना 'सिस्टर' भरलं. मी सातवीत 'माझी आवडती व्यक्ती' या निबंधात आत्याला पांढरी टोपी घातली, इंजेक्शन दिलं, आणि वहीवर बाईंचा 'छान' असा शेरा मिळवला. त्याच वर्षी आजोबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तिच्याच दवाखान्यात. मी शाळेतून डबा घेऊन गेले. व्हरांड्यात फिनेलचा आणि उकडलेल्या अंड्यांचा वास. कॉटवरून कुणीतरी ओरडलं, "मावशी, भांडं!" आणि समोरच्या दारातून आत्या आली. आकाशी काठाची साडी, पदर कमरेला खोचलेला, हातात फडक्यानं झाकलेलं भांडं. ज्यांना दवाखान्याचा अनुभव आहे त्यांना सांगायला नको, आपल्याकडे नर्सला सिस्टर म्हणतात आणि आयाला मावशी. मला तेवढ्यात वेड्यासारखा प्रश्न पडला, की माझ्या आत्याला हे सगळे मावशी कसे म्हणतात? मग कळलं. आमची नजरानजर झाली आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले. औषध कंपनीचं कॅलेंडर, गणपतीचं चित्र, सगळं आठवतंय. आत्या माझ्या अंगावरून पुढे गेली. संध्याकाळी घरी आल्यावर तिनं एवढंच विचारलं, "वाटेत आमटी सांडली नाही ना गं?"

ती स्वतः कधीच नर्स म्हणाली नव्हती. 'मी दवाखान्यात आहे' एवढंच म्हणायची, आणि ते खरं होतं.

गंमत म्हणजे 'सिस्टर' वरून इथेही शंभर वर्षांपूर्वी रुसवेफुगवे झाले होते. तीन-तीन वर्षं शिकून तयार झालेल्या नर्सेसना ही चार व्याख्यानं ऐकून, प्रथमोपचाराची परीक्षा देऊन आलेली हौशी मुलगी डोळ्यांत खुपायची. 'सिस्टर' हा त्यांचा हुद्दा, पण सैनिक एप्रन दिसला की सरसकट सगळ्यांना सिस्टर म्हणत, कपबशी उचलायला आलेलीलासुद्धा. शिकलेल्यांची बाजू मला पटते. इतकी वर्षं घालून मिळवलेलं नाव कुणालाही आयतं का द्यावं? आणि तरी, निळ्या सूटमधल्या कुण्या पोरानं पॅन्ट्रीच्या दारातून "सिस्टर, अजून एक चहा" अशी हाक मारली असेल, आणि जीनवाल्याच्या त्या एकोणीस वर्षांच्या मुलीनं ती दुरुस्त केली नसेल, तर तिला काय बोलणार? तिचे वडील घोड्यांची जिनं शिवायचे, हे मला काकूंनीच सांगितलेलं. हॉस्पिटलची प्रमुख म्हणजे कमांडंट, त्या मोठ्या घरची मालकीण, आणि वॉर्डात तिच्या मुली-पुतण्या. जीनवाल्याची पोर पॅन्ट्रीत. कार्डावर असं काही लिहिलेलं नाही, हा माझा तर्क. पण पंगतीत कोण कुठे बसतं आणि खरकटं कोण उचलतं, हे बघत वाढलेल्या माणसाला असे तर्क लवकर सुचतात.

त्या आठवड्यात रात्री मी पदकाचा शोध लावला. ते शौर्यपदक नव्हतं. ब्रिटिश रेडक्रॉसनं १९२० मध्ये ते काढलं. युद्धात एक हजार तास विनावेतन काम केलेल्या आणि परदेशी न गेल्यामुळे सरकारी युद्धपदकं न मिळालेल्या लोकांसाठी. म्हणूनच कार्डावर तास एवढे काटेकोर मोजलेत. पदकाच्या एका बाजूला पानांच्या कड्यात क्रॉस, आणि ज्याला दिलं त्याचं नाव कुठेच कोरलेलं नाही. हे वाचून मला आजोळच्या शाळेच्या भिंतीतली संगमरवरी पाटी आठवली. सातारा जिल्ह्यात अशा पुष्कळ आहेत. या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांतले इतके मेले. आकडे आहेत, नाव एकाचंही नाही. लहानपणी आम्ही त्या पाटीला टेकून चिंचोके खेळायचो. पदकाला नाव नाही आणि पाटीवर नावं नाहीत, पण कुणीतरी कुठल्यातरी ऑफिसात बसून एका भांडी घासणाऱ्या मुलीचे १,५६४ तास मात्र शाईनं लिहून ठेवले. आत्यानं एकोणतीस वर्षं काढली, आणि निवृत्तीच्या दिवशी दवाखान्यातून एक स्टीलची कळशी घेऊन आली. त्या कळशीवर तेवढं मशीननं तिचं नाव घातलेलं होतं, तेही चुकीचं.

रविवारी मी काकूंकडे गेले. मनात भाषण तयार. हजार तासांच्या पदकाबद्दल सांगायचं, कार्डावर तास आहेत म्हणजे केवढा मान, वगैरे. समजूत घालायला जाताना माणूस जेवढा मूर्ख दिसतो तेवढी मी दिसत असेन. काकूंनी माझं अर्धं ऐकलं आणि विचारलं, "तुमच्याकडचे होते का कुणी इथे? जखमी?" मी म्हटलं, होते. ब्रायटनच्या राजवाड्यात हिंदी सैनिकांचं हॉस्पिटल होतं, १९१४ च्या डिसेंबरपासून. आमच्या पुण्याजवळच्या खडकीच्या सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी इंजिनिअरांच्या, कंपन्या ऑक्टोबर १९१४ ला फ्रान्समध्ये न्यव शापेलला लढल्या होत्या. तिथले जखमीही समुद्र ओलांडून इथवर आले असतील. काकूंना वाड्यापेक्षा स्वयंपाकात रस. "मग त्यांचं जेवणखाण?" मी सांगितलं, नऊ स्वयंपाकघरं होती. धर्माचं वेगळं, जातीचं वेगळं, पाण्याचे नळ हिंदू-मुसलमानांचे वेगळे. आणि पुढे गोऱ्या नर्सेसना सैनिकांची शुश्रूषा करायची मनाई झाली, नुसती देखरेख ठेवायची. काळ्या माणसाशेजारी गोरी नर्स उभी असलेला फोटो पेपरात आला आणि लंडनमध्ये कुणाकुणाच्या पोटात दुखलं. काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "नऊ स्वयंपाकघरं. म्हणजे भांडी किती!"

त्या हसल्या तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

"एक विचारू?" मी म्हटलं. "आजी स्वतः कधी म्हणाली का, मी नर्स होते म्हणून?" काकूंनी नकाराची मान आधी हलवली आणि विचार नंतर केला. आजी गेली तेव्हा त्या तिशीच्या होत्या. याच घरात, याच टेबलाशी आजीबरोबर वाटाणे सोलत बसलेल्या. नाही, म्हणाल्या, कधीच नाही. आजी म्हणायची, मी हॉस्पिटलात होते. ते हात धरणं, ते पत्र वाचणं हे सगळं आईचं. आई १९२० सालची, तिनं युद्ध पाहिलंच नाही. मग आजी ते ऐकून घ्यायची? "ती उठून भांडी घासायला जायची," काकू म्हणाल्या आणि मध्येच थांबल्या.

मग एकेक निघायला लागलं. आजीची बोटं. थंडीत तिच्या बोटांची पेरं फुटायची, म्हातारपणीसुद्धा, आणि ती मेंढीच्या लोकरीची चरबी चोळायची. धुण्याचा सोडा, म्हणाल्या काकू, तो कढत पाण्यात टाकून हात कोपरापर्यंत आत घालायचे, रबरी हातमोजे कुठले. आणि सुऱ्या! आजीनं सुऱ्यांवरून त्यांना एकदाच फटका मारला होता. स्टेनलेस स्टील तेव्हा घराघरांत आलेलं नव्हतं, शेफील्डला ते नुकतं कुठे तयार झालं होतं. जुन्या पोलादी सुऱ्या ओल्या राहिल्या की तासाभरात गंजायच्या, लिंबू-व्हिनेगर लागलं की काळ्या पडायच्या. म्हणून प्रत्येक जेवणानंतर विटेची भुकटी लावून फळीवर घासायच्या, पात्याला, मुठीला नव्हे, कारण मूठ हाडाची आणि तिला पाणी लागलं की ती निखळते. मी म्हटलं, आमच्याकडे पितळेला चिंच आणि काळ्या भांड्यांना राख, नारळाच्या शेंडीनं. काकूंनी शेंडी म्हणजे काय ते विचारून घेतलं. तीस माणसांच्या तीस सुऱ्या, रोज दुपारी, हे त्यांनी स्वतःशीच दोनदा म्हटलं. १९१८ ला रेशन आलं तेव्हा लोण्याची ताटली घासायला आली की आजी आधी पावाच्या कडेनं ती पुसायची आणि तो तुकडा खाऊन टाकायची. हे मात्र आजीनं स्वतः सांगितलं होतं, काकू म्हणाल्या, हसत हसत. "मला वाटायचं, नर्स असून हिला खरकट्या ताटल्या कुठे मिळाल्या? आणि मी कधी विचारलं नाही बघ."

त्याच वर्षी इथल्या बायकांना मत मिळालं, पण तिशीच्या पुढच्यांना, त्यातही ज्यांचं किंवा ज्यांच्या नवऱ्याचं घरदार होतं त्यांना. आजी बावीस वर्षांची होती. तेवढ्या वयाच्या बायकांना ते मिळायला १९२८ उजाडलं. हे मी आपलं बोलून गेले, काकूंनी त्याकडे लक्ष दिलं नाही. त्या उठून टेबलाच्या खणात पेन्सिल शोधत होत्या.

वीजबिलाच्या पाकिटाची मागची बाजू पुढ्यात घेतली. चष्मा नाकावर. "नोव्हेंबर पंधरा ते जानेवारी एकोणीस, आठवडे किती?" मी मोजले, साधारण एकशे पासष्ट. "तास पंधराशे चौसष्ट." म्हणजे आठवड्याला साडेनऊ तास, मी म्हटलं, तीन दुपारी धरू. तीन गुणिले एकशे पासष्ट, चारशे पंच्याण्णव दुपारी. काकूंनी ते नीट लिहिलं, खाली रेघ मारली. खाटा तीस. वरच्या बायका, मेट्रन, स्वयंपाकीण धरून आठ. अडतीस कप. त्यांनी गुणाकार हातानं केला, ओठ हलवत, हातचा बाजूला लिहून, मला फोन काढू दिला नाही. अठरा हजार आठशे दहा.

"फक्त चहाचे," त्या म्हणाल्या. "जेवणाचं वेगळं."

पाकीट माझ्याकडे सरकवलं आणि पुन्हा ओढून घेतलं. "बशा धरायच्या?"

मी म्हटलं, कपाला बशी असतेच की.

"सैनिकांना पत्र्याचे मग. त्यांना कुठल्या बशा? बशी मेट्रनला आणि त्या टेकडीवरच्यांना." पेन्सिलीचं टोक त्यांनी दातात धरलं. "आठ. आठच धर."

तीन हजार नऊशे साठ. त्या बेरीज करत होत्या तेव्हा मी कप आणि पेले उचलून सिंककडे नेले, टोपलं ठेवलं, कढत पाणी सोडलं आणि दोन्ही हात आत घातले. चटका बसला. पाठीमागून काही ऐकू येईल म्हणून थांबले, पण काकू अजून हातचा शोधत होत्या. मी पेला आधी घेतला.